ड्रॉइंग वाचणारी नजर घडवता येते

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी (वितळलेलं लोखंड साच्यात ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यासाठी) पॅटर्न, म्हणजे साचा घडवायचा नमुना, करणाऱ्या कारागिराचं काम एकदा जवळून बघावं. त्याच्यापुढच्या कागदावर तीन सपाट चित्रं असतात: समोरून, वरून, बाजूनं. आतली न दिसणारी भोकं तुटक रेषांनी दाखवलेली. एवढ्यावरून अख्खा पार्ट डोक्यात उभा करायचा, पोकळीसाठी कोअर, म्हणजे साच्याच्या आत ठेवायचा गाभा, कुठं बसेल ते ठरवायचं. शिवाय ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न किंचित मोठा ठेवायचा.

आयटीआयला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आमच्याकडची कितीतरी मुलं नेमकी इथंच अडतात. मुलींना तर घरातूनच ऐकवलं जातं, 'हे तुझं काम नव्हे.' याचा मला फार राग येतो, कारण ही नजर सरावानं सुधारते याचे पुरावे आहेत.

मानसशास्त्राचे संशोधक रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ साली लोकांना ठोकळ्यांच्या चित्रांच्या जोड्या दाखवल्या. दोन्ही चित्रांतला ठोकळा एकच आहे हे ओळखायला लागणारा वेळ दोघांमधल्या कोनाच्या प्रमाणात वाढत गेला; जणू माणसं तो मनातल्या मनात फिरवूनच बघत होती. पुढं २००७ मध्ये टोरंटोच्या संशोधकांनी गेम न खेळणाऱ्या विद्यार्थ्यांकडून १० तास गोळीबाराचा ॲक्शन गेम खेळवून घेतला. मनात वस्तू फिरवण्याच्या चाचणीत मुलं सुधारली, मुली त्याहून जास्त सुधारल्या आणि काही महिन्यांनीही फरक टिकून होता. दुसऱ्या गटाला साधा थ्रीडी कोड्याचा गेम दिला होता. तिथं असं काही दिसलं नाही.

म्हणजे कुठलाही गेम चालत नाही. टेट्रिस या पडणारे ठोकळे फिरवून रचायच्या गेममध्ये तरबेज लोक टेट्रिससारखे आकार मनात झरझर फिरवतात, वेगळे आकार दिले की ती आघाडी उरत नाही. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून वेगळी वाट धरली: ठोकळे जोडायचे, फिरवायचे आणि हातानं स्केच काढायचं. तो कोर्स केलेल्या मुली इंजिनिअरिंगमध्ये जास्त टिकल्या.

डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर (आभासी जग दाखवणाऱ्या) हेडसेटमध्ये पार्टभोवती फिरता येतं, आत डोकावून तुटक रेषेमागचं भोक बघता येतं. मात्र डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा 'स्थिर आहोत' म्हणते, त्यामुळं काहींना मळमळतं. एका वेळी थोडाच वेळ घालावा. सगळं आयतं दिसल्यावर मनाला वस्तू फिरवण्याचे कष्टही उरत नाहीत. म्हणून मी शिक्षकांना सुचवीन: फाउंड्रीतून एखादं रिजेक्ट कास्टिंग (ओतलेला पार्ट) मागून आणा, मुलांकडून आधी त्याची तिन्ही चित्रं काढून घ्या, मग हेडसेट देऊन त्यांचं त्यांनाच तपासू द्या.