हिरव्या जोडीला निळं पिल्लू: मादी 'बाहेरची' नाही

बजरीगर (छोटे पाळीव पोपट) पाळणाऱ्या नवख्यांना हमखास ऐकवलं जातं की हिरव्या नर-मादीच्या पोटी निळं पिल्लू आलं म्हणजे मादी दुसऱ्या नराकडे गेली, किंवा विकणाऱ्याने भेसळीचा पक्षी गळ्यात मारला. दोन्ही चूक. माझ्याकडे घरट्याच्या पेटीत एकच हिरवी जोडी होती, पिंजऱ्यात दुसरा नर नव्हता. दहाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लांना पिसांची टोकं फुटली, त्यातल्या एकाची निळसर होती.

बजरीगरचा हिरवा म्हणजे पिसांच्या रचनेतून दिसणारा निळा अधिक पिवळं रंगद्रव्य. पिवळं बनलंच नाही, तर निळा उरतो. पिवळं न बनण्याचा हा गुण आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर पक्षी पूर्ण हिरवा, पण आत निळा लपलेला. त्यालाच 'स्प्लिट' म्हणतात, आणि तो 'हिरवा/निळा' असा लिहितात: रेघेआधी दिसतो तो रंग, नंतर लपलेला. 'अर्धा हिरवा, अर्धा निळा' असा अर्थ मुळीच नाही. अशा दोघांच्या पिल्लांत सरासरी चारात एक निळं. एकाच विणीत एकही नसेल किंवा तीन असतील.

आता पैशांचं. बजरीगरमध्ये लुटिनो, म्हणजे लाल डोळ्यांचा पिवळा, हा गुण लिंगाशी जोडलेला असतो. नरात त्याच्या दोन जागा असतात, मादीत एकच, त्यामुळे ती एकतर लुटिनो दिसते किंवा नसतेच. स्प्लिट फक्त नर असू शकतो. 'लुटिनो स्प्लिट मादी' म्हणून कुणी जादा भाव सांगितला, तर सरळ नाही म्हणा.