वीजबिलातले दोन आकार आणि छतावरचं ऊन

छतावर सौर पॅनेल बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, 'किती किलोवॉट?' माझं मत असं की त्याआधी वीजबिल नीट वाचावं. बिलातल्या काही ओळी पॅनेलमुळे घटतात, काही तशाच राहतात. असं का, ते कळायला सव्वाशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीला वीज मोजणंच अवघड होतं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र 4 सप्टेंबर 1882 रोजी सुरू झालं. त्याचं मीटर म्हणजे जस्ताच्या सल्फेटचं द्रावण भरलेली काचेची बरणी आणि तीत बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसे. माणूस येऊन पट्ट्या घेऊन जाई, त्यांचं वजन करी आणि त्यावरून बिल निघे. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीत दिवा ठेवलेला असे! वापर किती झाला हे ग्राहकाला स्वतः पाहताच येत नसे. हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी यांनी 1889 मध्ये फिरत्या चकतीचं मीटर आणलं आणि पुढची शंभर वर्षं तीच चकती घरोघरी फिरत राहिली. आपण ज्याला 'युनिट' म्हणतो तो एक किलोवॉट-तास. ब्रिटनमध्ये त्याला 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट' म्हणत.

पण युनिट मोजून दर लावला की हिशेब संपतो का? इंग्लंडचे अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी 1892 मध्ये सांगितलं की नाही. समजा दोन घरांचा महिन्याचा वापर सारखाच आहे. एक घर सगळी वीज संध्याकाळच्या दोन तासांत ओढतं, दुसरं दिवसभर थोडी थोडी वापरतं. पहिल्या घरासाठी मोठं जनित्र आणि जाड तारा सतत सज्ज ठेवाव्या लागतात, आणि त्यांचा खर्च वीज वापरली नाही तरी होतोच. म्हणून बिलाचे दोन भाग हवेत: सज्ज ठेवलेल्या क्षमतेचा आणि प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचा. आजच्या बिलातला 'स्थिर आकार' आणि 'वीज आकार' हे याच विचाराचे वारस आहेत.

इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरातल्या आर्थर राइट यांनी ग्राहकाची कमाल मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेली सर्वाधिक वीज, नोंदवणारं उपकरण बनवलं; त्यावरून क्षमतेचा आकार ठरवता येऊ लागला. शिकागोचे वीज-उद्योजक सॅम्युअल इन्सल 1894 मध्ये ब्रायटनला गेले, तिथली दुकानं रात्री उशिरापर्यंत झगमगताना पाहून चकित झाले आणि राइट यांची पद्धत अमेरिकेत घेऊन गेले. पुढे दर वेळेनुसारही बदलू लागले: ब्रिटनमध्ये 1978 मध्ये रात्रीच्या सात तासांसाठी स्वस्त दर आले, कारण मोठी वीजकेंद्रं रात्रीही चालू ठेवावी लागत आणि मागणी मात्र कमी असे.

सौरविजेची वाट वेगळी होती. फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांनी 1839 मध्ये प्रकाशातून वीज निर्माण होताना पाहिली, तरी उपयोगी सिलिकॉन सेल (उन्हातून वीज बनवणारा, पॅनेलमधला घटक) यायला 25 एप्रिल 1954 उजाडला. त्या दिवशी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेनं सौरविजेवर फिरणारा छोटा खेळण्यातला आकाशपाळणा दाखवला. कार्यक्षमता होती सुमारे 6 टक्के. आजची घरगुती पॅनेल 20 टक्क्यांच्या पुढे आहेत. सेलच्या निर्मात्यांपैकी डॅरिल चॅपिन यांनीच तेव्हा हिशेब मांडला होता, की एक घर यावर चालवायचं तर 14 लाख डॉलरच्या वर लागतील.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या ठरवून नाही. 1979 च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वास्तुविशारद स्टीव्हन स्ट्राँग यांनी इमारतींवर पॅनेल बसवली. दुपारी वीज जास्त झाली की ती ग्रिडकडे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सामायिक जाळ्याकडे, जाई आणि मीटरची चकती चक्क उलटी फिरू लागे. नेट मीटरिंग, म्हणजे घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटं वजा करून बिल काढणं, जन्मलं ते इथं. अमेरिकेच्याच मिनेसोटा राज्यानं 1983 मध्ये त्याचा कायदा केला. घेतलेलं युनिट आणि दिलेलं युनिट एकाच मोलाचं, हे चकतीच्या रचनेतून आपसूक घडलं होतं. हॉपकिन्सन यांनी दाखवलेला क्षमतेचा खर्च त्या हिशेबात नव्हताच. तरी मला ही तडजोड मोलाची वाटते, कारण साध्या कुटुंबाला समजेल असा सौरविजेचा हिशेब तिनंच पहिल्यांदा दिला.

पॅनेल वाढली तसा हा हिशेब डळमळला. अमेरिकेच्या हवाई राज्यानं ऑक्टोबर 2015 मध्ये नव्या ग्राहकांसाठी नेट मीटरिंग बंद केलं. कॅलिफोर्नियात एप्रिल 2023 पासून नव्या अर्जदारांना ग्रिडला दिलेल्या युनिटचा दर पूर्वीपेक्षा खूप कमी मिळतो. तिथं भर दुपारी वीज मुबलक असते आणि सूर्य मावळताना मागणी एकदम चढते. जिथं सौरवीज भरपूर आहे तिथं स्वस्त तास रात्रीवरून दुपारवर सरकू लागले आहेत.

म्हणून नियोजन करताना वर्षाची एकूण युनिटं पाहून भागत नाही. दिलेल्या युनिटचा दर घेतलेल्या युनिटइतकाच असेल, तर वर्षाच्या वापराएवढी पॅनेल बसवणं सोयीचं. तो कमी असेल, तर जे युनिट तिथल्या तिथं वापरलं जातं तेच खरं वाचतं. अशा वेळी पॅनेल वाढवण्याआधी पाणी तापवणं, कपडे धुणं, गाडी चार्ज करणं दुपारकडे सरकवून पाहावं. स्थिर आकार तर दोन्ही वेळी भरावाच लागतो. पॅनेलची दिशाही यातच येते: पश्चिमेकडे तोंड केलेली पॅनेल वर्षभरात थोडी कमी युनिटं देतात, पण दर चढायला लागलेले असतात त्या उतरत्या उन्हातही ती कामावर असतात.