बास गिटारचं वय कुठे दडलेलं असतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बातमी आली आणि बास गिटारवर जीव टाकणारी मंडळी हरखून गेली. पॉल मॅकार्टनीचा पहिला हॉफनर बास सापडला होता. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला असताना त्याने तो साधारण ३० पौंडांना घेतला होता. बीटल्सच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत तोच वाजला, आणि १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या गाडीतून तो चोरीला गेला. अर्ध्या शतकानंतर इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर तो मिळाला. हॉफनर कंपनीने तपासून सांगितलं, हो, हा तोच.

‘तोच’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. जुन्या बासवर बोलणाऱ्यांच्या गप्पांत मी वर्षानुवर्षं बसलो आहे आणि त्या फिरून फिरून दोनच प्रश्नांवर येतात. हा बास कोणाचा होता? आणि हा नव्यापेक्षा चांगला का वाजतो? दोन्हींची उत्तरं बासच्या वयात शोधली जातात. माझं मत असं झालं आहे की पहिल्या प्रश्नात वय फार चोख साक्ष देतं. दुसऱ्यात मात्र आपण त्याला नको तेवढं श्रेय देऊन बसतो.

विजेवर चालणारा बास मुळात फार जुना नाही. सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकात गिटारसारखा आडवा धरायचा बास बनवला होता, पण तो फारसा पसरला नाही. मग कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला आणि चित्र पालटलं. व्हायोलिनच्या घराण्यातल्या, उभ्या धरायच्या भल्यामोठ्या डबल बासवर सूर बोटाच्या अंदाजाने शोधावा लागतो. फेंडरच्या बासला धातूचे पडदे, म्हणजे फ्रेट होते. बोट दाबलं की सूर नेमका लागायचा, म्हणून नाव प्रिसिजन.

फेंडरपुढचं कोडं तारेच्या लांबीचं होतं. सतराव्या शतकात फ्रेंच विद्वान मॅरँ मेर्सेनने मांडलेला नियम असा की तार लांब केली, जड केली किंवा सैल केली की सूर खाली उतरतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. बासला तो बरोबर अर्ध्यावर, ४१ हर्ट्झवर हवा. हे फक्त लांबीने साधायचं तर तार जवळजवळ १.३ मीटर लांब करावी लागेल, आणि एवढ्या नेकवर, म्हणजे पडदे बसवलेल्या दांडीवर, कोणाचा हात पुरणार? फक्त सैल केली तर ती लोंबून पडद्यांवर आपटत राहील. फेंडरने ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर लांबी धरली आणि उरलेला भार तारेच्या वजनावर टाकला. बासची सर्वांत जाड तार, म्हणजे ई तार, गिटारच्या ई तारेपेक्षा दर सेंटिमीटरला साधारण पाचपट जड असते. तेवढी जाड भरीव सळई नीट वाजत नाही, ती वाकायलाच तयार नसते. म्हणून आत बारीक पोलादी गाभा आणि त्याभोवती दुसऱ्या तारेचे घट्ट वेढे. आजचे बहुतेक बासही ३४ इंचांचेच आहेत.

आता आवाजाकडे येऊ. तारांखालच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारेची हालचाल टिपणाऱ्या भागात, चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाशेजारी राहून वरची पोलादी तारही चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात वीज वाहू लागते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पिकअपला हवेतला आवाज ऐकू येत नाही. त्याला कळते ती फक्त त्याच्या डोक्यावरच्या तेवढ्याशा तारेची हालचाल.

आणि तार एकाच वेळी अनेक प्रकारे हलत असते. सबंध तार एका झोक्यात हलते तो मूळ सूर, आणि दोन, तीन, चार भागांत हलते ते उपस्वर. प्रत्येक उपस्वरासाठी तारेवर काही बिंदू जागचे हलत नाहीत. पिकअप नेमका अशा बिंदूखाली असला तर तो उपस्वर त्याच्यापुरता गायब. ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या घोडीजवळ, मूळ सुराची हालचाल अगदी थोडी असते, त्यामुळे तिथला पिकअप उपस्वर जास्त उचलतो आणि आवाज टणक, किंचित नाकातला येतो. नेककडे सरकलं की तोच आवाज गोल आणि भरदार होतो.

१९६० मध्ये आलेल्या फेंडरच्या जॅझ बासला असे दोन पिकअप होते. १९७० च्या दशकात त्यातला ब्रिजकडचा पिकअप साधारण एक सेंटिमीटर आणखी ब्रिजकडे सरकवला गेला. साठच्या दशकातला जॅझ बास आणि सत्तरच्या दशकातला, यांच्या आवाजावर रात्र रात्र वाद झडतात. लाकूड, त्यावरचं लॅकर म्हणजे वार्निश, चुंबक, सगळ्यांची वयं मोजली जातात. माझा आग्रह असतो की आधी हा एक सेंटिमीटर मोजा. आज बनलेल्या बासवर पिकअप तेवढाच सरकवला तरी फरक कानाला कळतो, आणि त्यात वयाचा काहीच भाग नसतो.

चुंबक म्हातारे होतात त्याचं काय, असं हमखास विचारलं जातं. जुन्या पिकअपमधले चुंबक अल्निकोचे, म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळलेले. हे मिश्रण चिवट आहे. फार तापवलं नाही किंवा दुसऱ्या जोरदार चुंबकाला भिडवलं नाही, तर काही दशकांत त्याची ताकद फारशी ढळत नाही. जुन्या पिकअपांत फरक असतो, पण तो जन्मापासूनचा. त्या काळी वेटोळं गुंडाळताना तार हाताने सरकवली जायची, त्यामुळे वेढ्यांची संख्या आणि ताण प्रत्येक पिकअपात थोडा वेगळा पडे. एकाच वर्षी बनलेले दोन बास पहिल्या दिवसापासूनच एकमेकांसारखे नव्हते.

लाकडाचं प्रकरण मला सर्वांत आवडतं. भरीव बॉडीच्या बासमध्ये लाकूड आवाज वाढवत नाही, ते आवाज खातं. तार ज्या वारंवारतेने हलते आहे त्याच वारंवारतेला नेकही सहज डोलत असली, तर तारेची ऊर्जा नेकमध्ये निघून जाते आणि सूर लवकर मरतो. बासवाले याला डेड स्पॉट म्हणतात. बासची नेक लांब, टोकाला जड खुंट्या. त्यामुळे ही जागा बहुधा सर्वांत बारीक तारेवर, म्हणजे ‘जी’ (G) तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडते. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी १९९० च्या दशकात गिटारच्या नेकची कंपनं मोजून हाच संबंध दाखवला: जिथे नेक त्या सुराला हलायला तयार, तिथे सूर टिकत नाही. नेकच्या टोकाला चिमट्याने थोडं वजन लावलं की नेकची स्वतःची वारंवारता खाली सरकते आणि डेड स्पॉटही हलतो. माझ्या बासवर तो सहाव्या फ्रेटवर आहे. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, भिंतीला टेकवून वाजवला की मेलेला सूर पुन्हा जिवंत होतो. ज्याच्याकडे बास आहे त्याने हा प्रयोग जरूर करावा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अर्धा तास तोच सूर वाजवत बसलो होतो.

साठ वर्षांत लाकूड बदलतं यात शंका नाही, आणि त्याबरोबर नेकची वारंवारता थोडी सरकूही शकते. पण ती सोयीच्या दिशेनेच सरकेल असं कोणी सांगितलं? डेड स्पॉट एका बिनकामाच्या सुरावरून उठून नेहमी लागणाऱ्या सुरावरही बसू शकतो.

व्हायोलिनच्या जगात या वादाची परीक्षा झाली आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना गडद चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, आणि तीन जुन्या नामवंत इटालियन कारागिरांची: दोन स्ट्राडिव्हारी, एक ग्वार्नेरी. घरी कुठलं न्याल, असं विचारल्यावर बहुतेकांनी नव्यापैकी एक निवडलं, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिव्हारीला. बासबद्दलही मी तीच शंका बाळगून असतो. जुने बास इतके चांगले भेटतात याला आणखी एक साधं कारण आहे. त्या काळी बेताचे बासही बनले होते. ते मोडले, त्यांचे सुटे भाग काढून दुसरीकडे लागले. चांगले होते ते मालकांनी जपले, आणि आपल्यापर्यंत पोचले ते काळाने गाळून उरलेले.

मग आवाज येतो कुठून? दोन बास शेजारी ठेवून पाहू. दोन्ही १९६२ चे, दोन्ही फेंडरचे.

पहिला बासवादक जेम्स जेमरसनचा प्रिसिजन. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांच्या तळाशी तो आहे. त्यावर जाड, सपाट वेढ्यांच्या तारा होत्या आणि तुटल्याशिवाय जेमरसन त्या बदलत नसे. बोटांचा घाम आणि मळ वेढ्यांत शिरतो, तार आतल्या आत घासायला लागते, आणि आधी मरतात ते वरचे उपस्वर. ब्रिजच्या झाकणाखाली फोमची पट्टी असायची, ती तार लवकर थांबवायची. वाजवायचा तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने. या सगळ्याचा परिणाम म्हणजे ठसठशीत, आखूड, मूळ सुराने भरलेला आवाज. ढोलाच्या ठोक्यासारखा, पण सुरातला.

दुसरा बासवादक जॅको पास्टोरियसचा जॅझ बास. त्याचे फ्रेट काढून टाकलेले, खाचा बुजवलेल्या, आणि फिंगरबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीवर, बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा काचेसारखा कडक थर. वर गोल वेढ्यांच्या खरखरीत तारा. फ्रेट नसले की तार फिंगरबोर्डला अगदी उथळ कोनात टेकते आणि हलताना त्याला घासत, चाटत राहते. तंबोऱ्याची जवारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. रुंद, किंचित वाकलेल्या घोडीवर तार घासते आणि उपस्वर फुलून येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या याच गुणावर लिहिलं होतं. पास्टोरियसच्या बासचं गाणं त्याच घराण्यातलं आहे. कडक इपॉक्सी हे उपस्वर लाकडात मुरू देत नाही.

एका कारखान्यातले, एका वर्षीचे दोन बास, आणि आवाज दोन टोकांचे. हा फरक तारांनी, पिकअपच्या जागेने, फिंगरबोर्डच्या पृष्ठभागाने आणि बोटांनी केला. मालकांनी केला.

वयाची साक्ष घ्यायची असेल तर कान बाजूला ठेवून डोळे वापरावे. साठच्या दशकातल्या फेंडरवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. ते वर्षानुवर्षं आक्रसत, पिवळं पडत जातं: पांढरा बास सायीच्या रंगाचा होतो, निळा हिरवट दिसायला लागतो. थंडीतून एकदम उबेत आणला तर लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि ठिसूळ थरावर बारीक भेगांचं जाळं पडतं. काही जुन्या सनबर्स्ट, म्हणजे कडेला गडद आणि मध्याकडे उजळ रंगवलेल्या, बासचा लाल रंग उन्हाने पार उडून गेला आहे. पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची संरक्षक पट्टी, काढला की खाली तोच लाल अजून ताजा असतो.

आतली साक्ष आणखी नेमकी. व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या फिरत्या भागाच्या, पाठीवर आकडे ठोकलेले असतात. ३०४ किंवा १३७ हा बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, त्यापुढे वर्ष आणि आठवडा. ३०४६२१४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, १९६२ चा चौदावा आठवडा. पण घाई नको. पॉटची तारीख एवढंच सांगते की बास त्याआधीचा नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि पुढची काही वर्षं तेच वापरले गेले. पॉटला तारांचा डाग देऊन (सोल्डर करून) केलेला जोड मूळचा आहे की पुन्हा तापवलेला, तेही बघावं लागतं.

या सगळ्यावर माणसाच्या खुणा. कोपराजवळचा हात जिथे टेकायचा तिथे रंग उडालेला, अंगठा रोवायची जागा घासून गुळगुळीत. सुरुवातीच्या फेंडर बासवर बारीक तारांच्या बाजूला बोटं अडकवायला लाकडाची पट्टी होती, कारण लोक अंगठ्याने वाजवतील अशी कंपनीची कल्पना होती. वादकांनी बोटांनीच वाजवलं, आणि १९७४ मध्ये ती पट्टी अंगठ्यासाठी दुसऱ्या बाजूला गेली. झीज नीट वाचली तर वादक कसा उभा राहायचा तेसुद्धा कळतं.

पास्टोरियसचा बास १९८६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये चोरीला गेला. त्याआधी त्याचे तुकडे होऊन ते पुन्हा जोडले गेले होते, आणि असे सांधे हुबेहूब नकलून काढणं जवळजवळ अशक्य. वीस वर्षांनी तो पुन्हा वर आला, आणि मेटॅलिका या बँडमधल्या रॉबर्ट ट्रुहियोच्या मदतीने पुढे पास्टोरियसच्या कुटुंबाच्या हाती पोचला.

जेमरसनचा प्रिसिजन १९८३ मध्ये, तो वारला त्याच्या थोडेच दिवस आधी चोरीला गेला आणि अजून सापडलेला नाही. ज्याच्याकडे आहे त्याला कदाचित माहीतही नसेल. तारा एव्हाना बदलल्या असतील, फोम गळून पडला असेल, ऐकून कोणालाच ओळखता येणार नाही. पण नेक जिथे बॉडीला जोडली जाते त्या टाचेवर जेमरसनने ‘फंक’ हा शब्द कोरला होता असं सांगतात. साठच्या दशकातला सनबर्स्ट प्रिसिजन कधी हाती आला, तर पट्टा गळ्यात अडकवण्याआधी तो उलटा करून पाहा.