आरशामागचा ट्रान्सफॉर्मर बदलताना

बाथरूममधल्या दिव्याच्या आरशाचा उजेड आधी लुकलुकू लागला, मग बटण दाबल्यावर जरा थांबून येऊ लागला आणि शेवटी बंदच पडला, तर दोष एलईडीच्या पट्टीपेक्षा मागच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजेच ड्रायव्हरमध्ये, असण्याची शक्यता अधिक असते.

या डबीत 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) प्रथम एकदिश (डीसी) केला जातो, त्यामुळे आतील कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकावर, सुमारे 325 व्होल्ट साठतात. ट्रान्झिस्टर हा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या गाभ्यावरील तारेच्या गुंडाळ्या त्याचे 12 किंवा 24 व्होल्ट करतात. वारंवारता 50 हर्ट्झहून कितीतरी अधिक असल्यामुळे गाभा लहान असला तरी चालतो. चांगल्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही गुंडाळ्यांना जोडणारी तार नसते, ऊर्जा केवळ चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. ओल्या हातांच्या जागी हे विलगीकरण नसलेला स्वस्त ड्रायव्हर मुळीच घेऊ नये.

बहुतेक वेळा आधी दगा देतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यातील द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो, आणि तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. आरसा आणि टाइल यांमधल्या फटीत हवा खेळत नाही. त्यात धुके घालवणारा हीटर पॅडही असेल, तर ड्रायव्हरसाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

काम सुरू करण्यापूर्वी केवळ बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये ते कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते आणि मग बटण बंद असूनही तारेत वीज राहते. फ्यूजच्या जागी असलेले स्वयंचलित बटण, म्हणजे एमसीबी, खाली पाडून टेस्टरने खात्री करावी आणि डबी उघडू नये. आउटपुट पट्टी जोडलेली ठेवूनच मोजावे, कारण थकलेला ड्रायव्हर भाराविना, म्हणजे पट्टी न जोडता, ऐटीत 12 व्होल्ट दाखवतो आणि पट्टी जोडताच कोसळतो. अर्थात हे मोजमाप वीज चालू असतानाचे असल्याने ते वायरमनकडून करून घेतलेले बरे.

नवा ड्रायव्हर घेताना जुन्याचे लेबल नीट वाचावे. 12 व्होल्टची पट्टी 24 व्होल्टवर जळते, तर 24 ची पट्टी 12 वर पेटतच नाही. हॅलोजन दिव्यांचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरही 12 व्होल्टच देतो, पण ते उच्च वारंवारतेचे प्रत्यावर्ती असल्यामुळे एलईडी पट्टीला उपयोगी नाहीत. वॉटचा हिशेब सोपा आहे: 60 × 80 सेंटिमीटर आरशाच्या कडेने 2.8 मीटर पट्टी असेल आणि ती मीटरला 9.6 वॉट घेत असेल, तर सुमारे 27 वॉट लागतात. तेथे 36 वॉटचा ड्रायव्हर निवांत चालतो, 30 चा तापत राहतो. तो हीटर पॅडपासून दूर बसवावा. जोडताना प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर पट्टी नुसती पेटत नाही, मात्र मधला टच सेन्सर जळू शकतो, म्हणून जुन्या तारा सोडवण्याआधी मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवावा.