डीएनेज आणि आरएनेज: एक उकळून मरतं, दुसरं मरत नाही

ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने आमच्या रबाळ्याच्या लॅबमध्ये शिकायला येणारी एमएस्सीची मुलं पहिल्या आठवड्यात हमखास म्हणतात, "मॅडम, डीएनेज आणि आरएनेज ही दोन्ही एन्झाइम्स एकच ना? एक डीएनए कापतं, दुसरं आरएनए." कापण्यापुरतं ते खरं आहे. पण दोघांना आवरायची रीत अगदी वेगळी, आणि तिथे गल्लत झाली की आठवड्याची मेहनत पाण्यात.

डीएनेज-१ तसं नाजूक. त्याला मॅग्नेशियम, कॅल्शियम लागतं. ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन घातलं की ते हे आयन धरून ठेवतं आणि डीएनेज थंडावतं. व्हॉर्टेक्सवर (नळी हलवून मिसळणाऱ्या यंत्रावर) जोरात फिरवलं तरी बिघडतं.

आरएनेज-ए मात्र चिवट. १२४ अमिनो आम्लांची छोटी साखळी, चार डायसल्फाइड (गंधकाच्या) बंधांनी आवळलेली. तापवून उलगडली तरी गार होताना परत मूळ घडीवर येते. हे प्रथिन आपली घडी आपणच घालतं, हे दाखवणाऱ्या ख्रिश्चन अँफिन्सन यांना १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. धातूची त्याला गरजच नाही, म्हणून ईडीटीएचा उपयोग नाही. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हचाही (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचाही) भरवसा नाही.

हा फरक कामालाही येतो, आणि मला तो फार आवडतो. जिवाणूंतून प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं) वेगळं काढताना आरएनए नको म्हणून आरएनेज घालतात. त्यात डीएनेजचा अंश असला तर प्लाझ्मिडच जाईल. म्हणून जुन्या पद्धतीत ते द्रावण १५ मिनिटं उकळून घेत: डीएनेज मरायचं, आरएनेज टिकायचं.

आरएनए वेगळा काढताना उलट, डीएनए नको म्हणून डीएनेज घालायचं. मग ते थांबवायला आधी ईडीटीए आणि नंतरच ७५ अंशांवर १० मिनिटं तापवायचं. हा क्रम चुकवू नका. मॅग्नेशियम मोकळं असताना तापवलं तर आरएनए स्वतःच तुटतो.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीच्या आरएनएच्या जेलवर २८एस आणि १८एसच्या (रायबोसोमच्या आरएनएच्या) दोन ठळक पट्ट्यांऐवजी खालपर्यंत नुसता ओघळ दिसला, म्हणजे आरएनए तुटला होता. टिप्स तिने दोनदा ऑटोक्लेव्ह केल्या होत्या, पण पिपेट प्लाझ्मिडच्या टेबलावरचं होतं, जिथे आरएनेज वापरतात. तिचे डोळे भरून आले. तेव्हापासून आरएनएचं टेबल वेगळं, त्याच्या पिपेटांना लाल टेप, आणि ग्लोव्हजचा हात घामेजल्या कपाळाला लागला की जोडी लगेच बदलायची. आरएनेज घामातही असतं.