रोटरी स्पोर्ट्स कारचे डायनोमापन

रोटरी इंजिनाची गाडी डायनोच्या, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर चढवून तिच्या चाकांपर्यंत किती हॉर्सपॉवर पोचते हे मोजणे म्हणजे तिचे डायनोमापन. मुंबईत अशी मोजणी होते ती मुख्यतः माझदाच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या दोन गाड्यांची. माझदाने या गाड्या भारतात अधिकृतपणे कधीच विकल्या नाहीत. इथल्या लोकांना ते नाव माहीत झाले स्वराज माझदाच्या मालवाहू गाड्यांमुळे आणि बसमुळे. रोटरी गाड्या आल्या त्या खासगी आयातीने. त्यांच्यासाठी कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्ट बाजारात त्यांचे सुटे भाग सहज सापडत नाहीत आणि तुलनेला तशीच दुसरी गाडी मिळणेही मुश्कील. म्हणून अशा गाडीच्या मालकाला डायनोचा ग्राफ फुशारकीसाठी कमी आणि इंजिनाच्या तब्येतीची नोंद म्हणून जास्त उपयोगी पडतो.

इंजिन : जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिले रोटरी इंजिन चालू झाले. माझदाने, म्हणजे तेव्हाच्या टोयो कोग्योने, १९६१ मध्ये त्याचा परवाना घेतला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट, १९७८ मध्ये आरएक्स-७ व २००३ मध्ये आरएक्स-८ रस्त्यावर आणली. १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरांच्या ७८७बी गाडीने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली.

या इंजिनात पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर कवचाच्या आत फिरतो आणि त्याचा एक फेरा होईपर्यंत मधला एक्सेंट्रिक शाफ्ट तीन फेरे घेतो. डॅशबोर्डवरचे आरपीएम या शाफ्टचे असतात. काटा ९००० वर असतो तेव्हा रोटर मिनिटाला ३००० फेरेच घेत असतो. आरएक्स-७ आणि आरएक्स-८ मधल्या १३बी जातीच्या इंजिनात ६५४ घनसेंमीचे दोन रोटर आहेत, म्हणून कागदावर क्षमता १३०८ घनसेंमी. पण प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला एक स्फोट देतो. चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनाला एवढीच हवा एका फेऱ्यात ओढायची तर त्याची क्षमता २.६ लिटर असावी लागेल. जपानच्या करआकारणीतही रोटरीची क्षमता दीडपट धरतात. त्यामुळे ‘१.३ लिटरमधून २५० पीएस’ (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) ही तुलना मुळातच चुकीच्या पायावर उभी आहे. इंजिन उत्तम आहेच, त्याला या आकड्याचा आधार लागत नाही.

मोजणीचे तत्त्व : मुंबईत मेकॅनिकल शिकलेल्यांची डायनोशी पहिली भेट कॉलेजच्या लॅबमध्ये होते. तिथे इंजिन चौथऱ्यावर घट्ट बसवलेले असते आणि त्याच्या चाकाला रोप ब्रेक किंवा पाण्याचा ब्रेक लावून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, काढतात. गाडीच्या मोजणीत इंजिन जागचे हलवत नाहीत. मागची चाके रोलरवर येतात, गाडी पट्ट्यांनी जखडतात, समोर मोठा पंखा लावतात आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून एकाच गियरमध्ये रेव्ह लिमिटपर्यंत, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत, नेतात. अशी एक मोजणी म्हणजे एक रन. इनर्शिया डायनोत रोलरचे जडत्व आधीच माहीत असते. तो किती वेगाने वेग घेतो यावरून शक्ती निघते. एडी करंट डायनोत विद्युतचुंबकाने रोलरला हवा तेवढा अडथळा देता येतो, म्हणून ट्यूनिंगसाठी गाडी एकाच आरपीएमवर धरून ठेवता येते. शक्यतो १:१ च्या जवळचा गियर वापरतात: पाच गियरच्या आरएक्स-७ मध्ये चौथा, सहा गियरच्या आरएक्स-८ मध्ये पाचवा. त्या पाचव्यात ९००० आरपीएमला रोलरवरचा वेग ताशी २५० किमीच्या घरात जातो, म्हणून पुष्कळजण चौथाच घेतात. कोणताही घेतला तरी पुढच्या वेळी तोच घ्यायला हवा.

न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९, की किलोवॅट मिळतात. जपानी आरएक्स-८ साठी कंपनीने सांगितलेला टॉर्क ५५०० आरपीएमला २१६ न्यूटन-मीटर, म्हणजे तिथे सुमारे १६९ पीएस. सर्वोच्च शक्ती ८५०० ला २५० पीएस, आणि उलट हिशेब केला तर तिथला टॉर्क सुमारे २०७. मधल्या तीन हजार फेऱ्यांत टॉर्क जेमतेम चार टक्के उतरतो आणि शक्ती ८१ पीएसने वाढते. या इंजिनाची सारी कमाई फेऱ्यांची आहे. रन ७५०० वर सोडून दिला तर गाडीचे खरे मोजमाप झालेच नाही असे समजावे.

आरपीएमची चूक : चार-स्ट्रोक इंजिनात एका प्लगची कामाची ठिणगी दोन फेऱ्यांत एकदा पडते. आरएक्स-८ मध्ये ती शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला पडते. ठिणगीवरून आरपीएम वाचणारा क्लँप लावून सॉफ्टवेअर चार-स्ट्रोकवर ठेवले तर आरपीएम दुप्पट दिसतात. आरएक्स-७ च्या नंतरच्या पिढ्यांमध्ये लीडिंग प्लगच्या (रोटरच्या दोन प्लगपैकी आधी ठिणगी देणाऱ्या) वायरवर एका फेऱ्यात दोन ठिणग्या जातात, तिथे गोंधळ आणखी वाढतो. अशा वेळी हॉर्सपॉवरचा आकडा बरोबरच येतो, कारण तो रोलरवरून निघालेला असतो. चुकतो तो टॉर्क: आरपीएम दुप्पट, तर टॉर्क निम्मा. ग्राफवर टॉर्क शंभराच्या आसपास घोटाळत असेल तर इंजिनाला दोष देण्याआधी सेटिंग तपासावे.

चाकावरची आणि इंजिनवरची शक्ती : कंपनीचा आकडा इंजिनवरचा असतो. भारतातही वाहनमान्यतेसाठी इंजिनची निव्वळ शक्ती आयएस १४५९९ या मानकाप्रमाणे मोजतात, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत ते काम चालते. रोलरवर मात्र गियरबॉक्स, डिफरेन्शियल आणि टायर यांनी खाल्लेला वाटा वजा होऊनच आकडा येतो. वर्कशॉपमध्ये सरसकट १५ टक्के तूट धरून उलटा हिशेब करण्याची सवय आहे, आणि ती सोडून दिलेली बरी. ठणठणीत आरएक्स-८ इनर्शिया डायनोवर बहुधा १८० व्हील हॉर्सपॉवरच्या आसपास येते. त्यावर १५ टक्क्यांचा हिशेब केला तर २१२ निघतात, आणि मालकाला वाटते इंजिन संपले.

अमेरिकेत या आकड्यावरून २००३ मध्ये मोठा वाद झाला. आरएक्स-८ तिथे २४७ हॉर्सपॉवरची म्हणून जाहीर झाली होती. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून इंजिनाच्या सेटिंगमध्ये शेवटच्या टप्प्यात बदल झाले होते. माझदाने आकडा २३८ वर आणला आणि ग्राहकांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. जपानचे २५० आणि अमेरिकेचे २४७ हे मात्र एकच होते. एक पीएस ७३५.५ वॅटचा आणि एक हॉर्सपॉवर ७४५.७ वॅटचा. भारतीय माहितीपत्रकांत पीएस आणि बीएचपी (म्हणजे ७४५.७ वॅटचा हॉर्सपॉवर) दोन्ही छापतात, म्हणून हा फरक ध्यानात ठेवावा.

ग्राफचा आकार : सर्वोच्च आकड्यापेक्षा रेषेचा आकार अधिक बोलतो. आरएक्स-८ च्या जास्त शक्तीच्या इंजिनात हवेचे मार्ग टप्प्याटप्प्याने उघडतात: साधारण ३७५० आरपीएमला दुय्यम पोर्ट (हवा आत येण्याचे दार), ६२५० ला सहायक पोर्ट, ७२५० ला इनटेकची लांबी बदलणारी झडप. कार्बन साचून सहायक पोर्टची झडप अडकली तर रेषा ६२५० पर्यंत नेहमीसारखी चढते आणि मग आडवी होते. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये कमी आरपीएमवर रांगणाऱ्या गाडीत हे होणे अगदी शक्य आहे. १९९१ नंतरच्या आरएक्स-७ मध्ये दोन टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे) एकामागून एक काम करतात. ४५०० च्या आसपास दुसरा जोडीला येताना रेषेत खळगा पडतो. तो लहान असेल तर स्वाभाविक, खोल आणि लांब असेल तर टर्बोंचे नियंत्रण करणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्यांकडे बघावे.

मुंबईची हवा : इथल्या मोजणीत सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. हवा बदलली की आकडा बदलतो, म्हणून त्याला एका गुणकाने गुणून ठरावीक हवेवर आणतात. आकड्यात होणारा हा बदल म्हणजे दुरुस्ती. एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या जे१३४९ मानकात २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब गृहीत धरलेला आहे. जानेवारीच्या दुपारी २८ अंश, ५० टक्के आर्द्रता आणि १०१.२ किलोपास्कल दाब असेल तर दुरुस्ती नगण्य, पाव टक्का. मे महिन्यात ३३ अंश, ६५ टक्के आणि १००.६ किलोपास्कल असताना ती सुमारे ३.६ टक्के होते, म्हणजे १८० हॉर्सपॉवरमागे सहा-साडेसहा. ऑगस्टमध्ये २९ अंशाला गारवा वाटतो, पण आर्द्रता ८८ टक्के आणि दाब १००.५ असेल तर दुरुस्ती तरीही ३.३ टक्क्यांच्या जवळ. पावसाळ्यात बाष्प हवेत जी जागा घेते ती प्राणवायूच्या वाट्यातूनही जाते. घाट चढून पुण्याला गेले की उंचीमुळे दाब घटतो आणि गुणक बराच वाढतो. दुरुस्तीच्या जुन्या एसटीडी पद्धतीचा आकडा एसएईपेक्षा साधारण ४ टक्के मोठा येतो. कोणती पद्धत वापरली हे न लिहिलेला ग्राफ तुलनेला निरुपयोगी. टर्बोच्या आरएक्स-७ ला हा गुणक जसाच्या तसा लावणेही चूक, कारण बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दिलेल्या दाबाच्या, नियंत्रणामुळे टर्बो हवेतली तूट काही अंशी स्वतःच भरून काढतो.

डायनो गाळ्यात बसवलेला असेल तर आणखी एक अडचण. दोन-तीन रननंतर आतली हवा तापते आणि धूर परत इनटेकमध्ये शिरतो. तापमानाचा सेन्सर दाराशी आणि इंजिन आत अशी मांडणी असेल तर गुणक कागदावरच राहतो.

उष्णता, इंधन आणि सील : रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा बराच गरम असतो आणि रोटर थंड ठेवण्याचे काम तेलाकडे असते. म्हणून पंखा रेडिएटरइतकाच ऑइल कूलरवरही रोखायला हवा आणि दोन रनमध्ये तेलाचे तापमान खाली येऊ द्यायला हवे. टर्बो गाडीत हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावल्याशिवाय पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नये. पातळ मिश्रणामुळे नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) झाले तर एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरची पट्टी, फुटायला एक रन पुरतो, आणि तो आवाज रोटरीच्या गर्जनेत कानाला कळत नाही. टाकीत कोणते पेट्रोल आहे हेही नोंदवावे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला शुद्ध पेट्रोलपेक्षा जास्त समृद्ध मिश्रण लागते, म्हणून एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे जुने गणित धरण्याऐवजी लँबडावर (हवा गरजेच्या किती पट आहे यावर) नजर ठेवावी. मुंबईत २०२० पासून १०० ऑक्टेनचे पेट्रोलही मिळते. टर्बो इंजिन त्यावर ट्यून केले असेल तर रनही त्यावरच व्हावा.

गाडी रोलरवर चढवण्याआधी कॉम्प्रेशन (इंजिनात हवा किती दाबली जाते ते) तपासणे शहाणपणाचे. साधा गेज इथे चालत नाही, कारण एका रोटरच्या तीन बाजू तीन वेगळे आकडे देतात आणि तो फक्त सर्वांत मोठा धरतो. आरएक्स-८ साठी माझदाची किमान मर्यादा २५० आरपीएमला ६८० किलोपास्कल आहे. एका रोटरच्या बाजूंमध्ये १५० पेक्षा आणि दोन रोटरांमध्ये १०० पेक्षा जास्त फरक चालत नाही. यापैकी एकही अट मोडत असेल तर आधी इंजिन उघडावे, डायनोचा रन नंतर.