लहर आली कोणत्या दिशेने?

मीडियम वेव्हवर आकाशवाणीचे केंद्र लावून जुना ट्रान्झिस्टर हातात सावकाश गोल फिरवला, तर एका ठरावीक कोनात आवाज एकदम बुडतो, हे अनेकांनी अनुभवले असेल. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी असते आणि तिच्यावर तारेचे वेटोळे असते. कांडीचे टोक केंद्राकडे रोखले गेले की लहरीचे चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यातून जातच नाही. दिशा ठरवायची ती याच क्षणी. आवाज सर्वांत मोठा असताना रेडिओ दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झाला तरी फरक जाणवत नाही; बुडालेला आवाज मात्र थोड्या कोनानेही परत येतो. अडचण एवढीच, की कांडीची दोन्ही टोके सारखीच असल्याने केंद्र समोर आहे की पाठीमागे, हे तिच्यावरून कळत नाही.

अँटेना न फिरवता दिशा काढायची, तर निदान दोन अँटेना हव्यात. एफएमच्या 100 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3 मीटर असते. दोन अँटेना एकमेकींपासून 1.5 मीटरवर उभ्या केल्या आणि लहर अगदी समोरून न येता 30 अंश तिरकी आली, तर दुसऱ्या अँटेनापर्यंत जाताना तिला 75 सेंटिमीटर अधिक अंतर कापावे लागते. हा उशीर अवघा अडीच नॅनोसेकंदांचा असतो. तो थेट मोजण्यापेक्षा दोन्ही अँटेनांतील चढउतार ताडून पाहणे सोपे असते, कारण 75 सेंटिमीटर म्हणजे लहरीचा पाव फेरा, म्हणजेच 90 अंशांचे कलांतर (दोन चढउतारांमधला पुढेमागेपणा; पूर्ण फेरा 360 अंशांचा). कलांतर कळले की कोन गणिताने निघतो.

अँटेनांमधले अंतर वाढवले, तर दिशेतला बारीकसा बदलही मोठे कलांतर देतो आणि मोजमाप अधिक अचूक होते. पण हे अंतर लहरीच्या अर्ध्या लांबीपलीकडे गेले, की पाव फेरा आणि सव्वा फेरा यांतला भेद ओळखता येत नाही आणि एकाच मोजमापाला अनेक दिशा लागू पडू लागतात. यावर उपाय म्हणजे जवळच्या आणि दूरच्या अशा पुष्कळ जोड्या एकत्र वापरणे. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीची मांडणी पाहिली की हे ध्यानात येते. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी (म्हणजे अँटेनांपैकी) 14 मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पसरल्या आहेत, आणि सर्वांत दूरच्या दोहोंत सुमारे 25 किलोमीटरचे अंतर आहे. तीस तबकड्यांच्या 435 जोड्या होतात. हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या लहरींसाठी ही दुर्बीण सुमारे दोन विकलांपर्यंतचा भेद दाखवते. एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग.

एवढ्या बारकाव्याला मग कशाचाही धक्का लागतो. संदेश वाहून आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरमधला विलंब आणि डोक्यावरचे आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित कणांचा वरचा थर) हे दोन्ही कलांतर बदलतात, तेही वेळोवेळी. म्हणून आकाशातल्या अज्ञात रेडिओ स्रोताचे निरीक्षण मध्येच थांबवून तबकड्या पुन्हापुन्हा आकाशात त्याच्याजवळ दिसणाऱ्या एखाद्या माहीत असलेल्या स्रोताकडे वळवल्या जातात. त्याची दिशा आधीच अचूक ठाऊक असल्याने कलांतर किती यायला हवे तेही ठाऊक असते, आणि प्रत्यक्षात जेवढे जास्त-कमी भरते तेवढे प्रत्येक तबकडीच्या हिशेबातून वजा केले जाते.